‘विचेवेर्सा’: एका शब्दावर उभा असलेला शेवट

बँकरच्या कचेरीत लेफ्तेर पोपेस्कू खिशातून लॉटरीच्या दोन वेगवेगळ्या सोडतींची दोन तिकिटं काढून पुढे ठेवतो. बँकर यादी बघतो. आकडे बरोबर आहेत: ०७६३८४ आणि १०९५२०. दोन्ही आकड्यांना बक्षीस लागलंय. घोटाळा एवढाच, की या सोडतीत लागलेला आकडा लेफ्तेरकडे त्या सोडतीच्या तिकिटावर आहे आणि त्या सोडतीतला या तिकिटावर. बँकर एकच शब्द बोलतो, ‘विचेवेर्सा’. म्हणजे उलटसुलट.

‘दोउअ लोझुरि’ (दोन तिकिटं) हा रोमानियन चित्रपट १९५७चा. दिग्दर्शक गेओर्गे नागी आणि आउरेल मिहेलेश. लेफ्तेर झाला होता ग्रिगोरे वासिलिउ-बिरलिक. मूळ कथा इयॉन लुका कराज्याले (१८५२–१९१२) यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरची. त्यांच्या साहित्यावर सिनेमे आधीही झाले होते. जाँ जॉर्जेस्कू या दिग्दर्शकाने १९४३मध्ये त्यांचं १८७९चं नाटक पडद्यावर आणलं आणि १९५२मध्ये, कराज्याले यांच्या जन्मशताब्दीला, त्यांच्या छोट्या कथांवर लघुपट केले.

शेवट समजायचा तर लेफ्तेर तिथवर कसा पोचला ते बघायला हवं. तो सरकारी खात्यातला कारकून, आणि ‘लेफ्तेर’ या शब्दाचा रोमानियन बोलीतला अर्थच मुळी ‘खिसा रिकामा असलेला’. कॅप्टन असलेल्या मित्राकडून उसने पैसे घेऊन त्याने तिकिटं काढलेली. आकडे लागल्याचं कळतं, पण तिकिटं सापडत नाहीत. ती असणार त्या करड्या कोटात, आणि कोट तर बायकोने बशांच्या बदल्यात देऊन टाकलेला, आपल्याकडे बोहारणीला जुने कपडे देतात तसा. तो रागाने एकेक बशी फोडतो. मग कोट नेणाऱ्या गरीब रोमा (जिप्सी) बायकांच्या वस्तीवर पोलीस घेऊन जातो. चोरीचा आळ येऊन त्या निरपराध बायका मार खातात. हसण्याच्या भरात हा भाग वाचकाच्या हातून निसटतो. मला मात्र कथेतलं सगळ्यात कठोर पान तेच वाटतं, कारण तिकिटं सगळा वेळ कचेरीत त्याच्या स्वतःच्या टेबलाच्या खणात होती.

ती सापडतात आणि लेफ्तेर ऐटीत राजीनामा खरडतो. त्यानंतर तो बँकरकडे जातो, आधी नाही. या क्रमातच शेवटाची ताकद आहे. ‘विचेवेर्सा’ ऐकताना त्याच्याकडे बक्षीस नसतं आणि नोकरीही उरलेली नसते. तो थयथयाट करतो, लबाडी म्हणतो, रक्तपिपासू म्हणतो, मूर्ख मूर्ख म्हणून ओरडतो. हे लिहिणाऱ्याला तुटपुंज्या पगाराचं जग बाहेरून बघून कळलेलं नव्हतं. नाटककार म्हणून मोठं नाव असूनही कराज्याले यांना पोटासाठी बिअरहॉल चालवावे लागले, सरकारी मक्तेदारीच्या खात्यात खर्डेघाशी करावी लागली.

कागदावर कथा इथे थांबत नाही. कराज्याले वाचकाला सांगतात, की मी स्वतःला फार मान देणारा लेखक असतो, तर असा शेवट केला असता: बरीच वर्षं लोटली आहेत, एका मठात एक उंच, वाळलेली म्हातारी जोगीण कचऱ्यात बशांचे तुकडे शोधते आहे आणि तिकडे बुखारेस्टच्या रस्त्यावर एक छोटासा म्हातारा ‘विचेवेर्सा... विचेवेर्सा’ पुटपुटत फिरतो आहे. त्या काळच्या भावुक कथांना हवा असायचा तसा, डोळे ओले करणारा शेवट त्यांनी पुरता रंगवून दाखवला आणि लगेच मागे घेतला. आपण तसले लेखक नाही, तेव्हा सरळच सांगतो, असं म्हणून ते थांबतात: बँकरकडच्या त्या गोंधळानंतर माझ्या नायकाचं आणि मादाम पोपेस्कूचं पुढे काय झालं, ते मला ठाऊक नाही.