पॅकेट कॅप्चरमधला टाइमआउट नेमके काय मोजतो?

नेटवर्कवरून जाणारी पॅकेट्स, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, टिपणारा प्रोग्राम बहुधा लिबपीकॅप या लायब्ररीच्या आधारे लिहिला जातो आणि त्यात रीड टाइमआउट मिलिसेकंदांत द्यावा लागतो. तेवढ्या वेळात पॅकेट आले नाही तर प्रोग्राम वाट पाहणे सोडून पुढे जाईल, असे नावावरून वाटते. पण या समजुतीवर बेतलेला प्रोग्राम एका ऑपरेटिंग सिस्टिमवर सुरळीत चालतो आणि दुसरीवर अडकून बसतो.

याचे मूळ बफरिंगमध्ये, म्हणजे पॅकेट्स तात्पुरत्या साठ्यात (बफरमध्ये) जमवून ठेवण्यात, आहे. पॅकेट आधी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हाती लागते, आणि प्रत्येक पॅकेटसाठी प्रोग्रामला जागे करणे फार महागात पडते. एक गिगाबिटच्या इथरनेटवर 64 बाइटांच्या फ्रेम्स (पॅकेट वाहून नेणारे इथरनेटचे तुकडे) सलग आल्या, तर त्यांची संख्या सेकंदाला सुमारे 14 लाख 88 हजार भरते! स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी 1993 मध्ये मांडलेल्या बीपीएफ (बर्कली पॅकेट फिल्टर) या पॅकेट टिपण्याच्या रचनेत म्हणूनच दोन बफर आहेत: एकात पॅकेट्स साठत राहतात, तर दुसऱ्यातली प्रोग्राम एकगठ्ठा उचलतो.

रहदारी विरळ असेल, तर मात्र बफर भरेपर्यंत आलेली पॅकेट्स तशीच पडून राहतील. त्यांना किती काळ ताटकळत ठेवायचे याची मर्यादा म्हणजे टाइमआउट. तो शून्य दिला, तर काही सिस्टिम्सवर बफर भरल्याशिवाय काहीच हाती येत नाही. पॅकेटवरची वेळ कर्नलच नोंदवत असल्याने या विलंबाने ती सहसा बिघडत नाही, हे त्यातल्या त्यात बरे.

एकही पॅकेट आले नाही तर काय, याचे उत्तर एकसारखे नाही. बीएसडी कुळातल्या ऑपरेटिंग सिस्टिम्सवर मुदत संपताच वाचन रिकाम्या हाताने परतते. सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या आवृत्त्यांवर घड्याळ पहिले पॅकेट आल्यावरच सुरू होई.

टाइमआउट वाढवला म्हणून बफर मोठा होत नाही, हेही विसरले जाते. दोन मेगाबाइटांचा बफर पूर्ण वेगाने वाहणाऱ्या गिगाबिट जोडणीवर साधारण 16 मिलिसेकंदांत भरतो. प्रोग्राम त्याहून जास्त रेंगाळला, तर पुढची पॅकेट्स गळतात.

टिपलेल्या पॅकेटला तत्काळ उत्तर द्यायचे असेल, तर टाइमआउट एक मिलिसेकंदावर आणण्यापेक्षा पॅकेट येताच ते प्रोग्रामला देणारा इमीजिएट मोड वापरणे योग्य. शांत नेटवर्कवरही ठरावीक वेळाने जागे व्हायचे असेल, तर नॉन-ब्लॉकिंग मोड (वाचन वाट न पाहता लगेच परतते) लावून, पॅकेटची वाट पाहणाऱ्या पोल या सिस्टिम कॉलला स्वतंत्र मुदत द्यावी.