परवाना-करार, जैवतंत्र

औषध, लस किंवा निदानचाचणी बाजारात येण्याच्या बरीच वर्षे आधी, केवळ प्रयोगशाळेतील निष्कर्षांच्या बळावर, नवख्या कंपनीने मोठ्या औषधकंपनीशी केलेला हक्कांचा व्यवहार. मोबदला सामान्यतः अपफ्रंट (करार होताच मिळणारी) रक्कम, टप्पे गाठल्यावर मिळणारे हप्ते आणि विक्रीवरील स्वामित्वधन (रॉयल्टी) अशा रूपांत येतो. अपफ्रंटला बेळगावकडे ‘इसार’ म्हटले जाईल. पण इसार पुढे किमतीत वळता होतो, अपफ्रंट बहुधा होत नाही.

असा पहिला करार कोणता, याबद्दल एकमत नाही. जेनेन्टेक ही नवखी जैवतंत्र कंपनी (स्थापना 1976) व एली लिली ही मोठी औषधकंपनी यांच्यातील 1978 चा मानवी इन्शुलिनविषयक करार सहसा आद्य मानतात; त्यातून आलेल्या औषधाला अमेरिकेत 1982 मध्ये मान्यता मिळाली. दुसरा पक्ष टोरांटो विद्यापीठ व लिली यांच्या 30 मे 1922 च्या कराराकडे बोट दाखवतो. त्यात लिलीला प्रायोगिक कालावधीपुरते, म्हणजे एका वर्षाचे अनन्य हक्क होते. पुढे समविद्युत बिंदूवर (ज्या आम्लतेला प्रथिनाचा एकूण विद्युतभार शून्य होतो तेथे) अवक्षेपण करून, म्हणजे साका खाली बसवून, इन्शुलिन शुद्ध करण्याच्या रीतीवर लिलीने स्वतःचे पेटंट मागितले आणि ‘आयलेटिन’ या व्यापारनामावरूनही विद्यापीठाशी खटके उडाले. विकणारी बाजू विद्यापीठाची असल्याने 1922 चा करार काटेकोर अर्थाने या नोंदीच्या कक्षेत येत नाही. तरीही ‘घेणाऱ्याने केलेली सुधारणा कोणाची?’ हे आजचे सर्वांत चिवट कलम तेथेच उगवले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

नवख्या कंपनीची मुख्य अडचण किमतीची नसून पुराव्याची असते. घेणारा तोच प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत करून मागतो. पेटंट-अर्जाआधीच परिषदेत निष्कर्षांचे भित्तिपत्रक (पोस्टर) लागले असेल, तर नावीन्यच धोक्यात येते. जगभरचे, सर्व रोगांसाठीचे हक्क एकदम लिहून दिल्यावर घेणाऱ्याने प्रकल्प बासनात गुंडाळला, तर हक्क परत मिळण्याचे कलम नसल्याने हात बांधले जातात. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्र-साहाय्य संस्थेचे नवउद्योगांसाठीचे ‘बिग’ अनुदान 50 लाख रुपयांपर्यंत व 18 महिन्यांसाठी असते; वाटाघाटी त्याहून लांबल्या, तर पगार कोठून द्यायचा हा प्रश्न उरतो.

बेळगावात देवीची लस बनवणारा टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो सरकारी होता. आज शहरात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था व केएलई या शिक्षणसंस्थेची संशोधनकेंद्रे आहेत. साहजिकच येथे वनस्पतिजन्य द्रव्यांचा प्रश्न पुढे येतो. सह्याद्रीतील नरक्या हे झाड त्याचे ठळक उदाहरण. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगरोधी द्रव्य वॉल व वाणी यांनी 1966 मध्ये एका चिनी झाडातून वेगळे केले. 1972 मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी ते नरक्यात असल्याचे दाखवले. त्यापासून घडवलेल्या टोपोटेकॅन व इरिनोटेकॅनला अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली. सह्याद्रीत मात्र व्यवहार राहिला तो लाकडाच्या ढलप्यांचा, वजनावर.

जैवविविधता अधिनियम, 2002 मुळे अशा द्रव्यावरील पेटंट राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाला वगळून घेता येत नाही. 2014 च्या विनियमांनुसार पेटंट परवान्याने दिल्यास मिळालेल्या शुल्काच्या 3 ते 5 टक्के व स्वामित्वधनाच्या 2 ते 5 टक्के रक्कम प्राधिकरणाकडे भरावी लागे. 2025 मध्ये नवे विनियम आले. कंपनी परदेशी नियंत्रणाखाली गेली, तर नियमांचे खातेच बदलते. म्हणजे भांडवल आणणारा भागीदारच कधी कधी कागद वाढवतो.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. जमिनीच्या सौद्यात उतारा पाहतात, तसा येथे घेणाऱ्याचा वकील नमुन्याचा उगम पाहतो. खानापूरचे रान कर्नाटक जैवविविधता मंडळाच्या, तर लागून असलेले चंदगडचे महाराष्ट्र मंडळाच्या कक्षेत. एकीकडची कागदपत्रे कानडीत, दुसरीकडची मराठीत. वाळवलेल्या पानांच्या पाकिटावर गाव, तारीख व गोळा करणाऱ्याची सही नसेल, तर पाने कोणत्या बाजूची हे नंतर सिद्ध करणे कठीण जाते. नरक्या दोन्हीकडे सारखाच वास मारतो.