गिनीपिगला गाजर पुरत नाही
गिनीपिगला रोज गाजर-काकडी दिली की झालं, असं पुण्यात अजूनही पाळणारे एकमेकांना सांगतात. ते चूक आहे. माणसासारखंच गिनीपिगचं शरीरही क जीवनसत्त्व तयार करत नाही, आणि गाजर-काकडीत ते फारच थोडं असतं. त्याला वजनाच्या किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं, सांधे सुजतात. उचलायला गेलं की बिचारं कळवळतं, आणि घरच्यांना वाटतं, भित्रं आहे. मंडईतून ढोबळी मिरची आणा, बिया काढून रोज एक-दोन फोडी द्या. कोथिंबीरही चालते. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब नकोत, त्यांचा गुण लवकर जातो. सुकं गवत मात्र चोवीस तास समोर हवंच. दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते चघळूनच झिजतात.