साच्यातल्या पक्ष्माभिका आणि मण्यांच्या पक्ष्माभिका

सूक्ष्मवाहिनीत, म्हणजे अतिशय बारीक नळीत, द्रव पुढे सरकवण्यासाठी चुंबकीय कृत्रिम पक्ष्माभिका, म्हणजे सिलिया किंवा तळावर उभे असलेले सूक्ष्म केस, दोन अगदी वेगळ्या रीतींनी घडवतात. दोन्ही बाहेरच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर हलतात, त्यामुळे त्या सहज एकच समजल्या जातात.

पहिल्या रीतीत चुंबकीय कण मिसळलेले पातळ सिलिकोन रबर, बहुधा पीडीएमएस, बारीक छिद्रांच्या साच्यात ओततात. ओतणे सोपे असते; कसोटी लागते ती साचा काढताना. बारीक केस ओढताना तुटतो आणि अखंड सुटलाच, तर वाळताना पृष्ठताण त्याला शेजारच्या केसाला चिकटवतो. म्हणून साचा सच्छिद्र पॉलिकार्बोनेटचा असल्यास तो न ओढता रसायनात विरघळवतात व केस द्रवातच ठेवतात. कणांचे प्रमाणही जपावे लागते, कारण ते वाढवले की क्षेत्राची पकड वाढते खरी, पण रबर ताठर होते.

दुसऱ्या रीतीत साचाच नाही. संशोधक विल्फान आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात वाहिनीच्या तळावर निकेलचे ठिपके होते. वर सोडलेले काही मायक्रोमीटर व्यासाचे चुंबकीय मणी क्षेत्र लावताच एकावर एक चढून त्या ठिपक्यांवर साखळ्या करून उभे राहिले. असे मणी क्षेत्र काढताच आपले चुंबकत्व गमावतात, आणि मग साखळीला एकत्र राहण्याचे कारणच उरत नाही. माझ्या मते खरा भेद इथे आहे: रबरी केस वाकवून सोडला की स्वतःच्या लवचिकतेने परततो, तर साखळीला स्वतःचा आकारच नसतो.

गोंधळ वाढतो तो दोघींच्या सारख्या चालीमुळे. इतक्या लहान मापावर जडत्व नगण्य असते, म्हणून केस त्याच वाटेने गेला आणि आला, तर द्रव जागच्या जागी राहतो, हे भौतिकशास्त्रज्ञ पर्सेल यांनी 1977 मध्ये स्पष्ट केले होते. त्यावर सोपा तोडगा म्हणजे केसाला तिरप्या शंकूत फिरवणे: उभा असताना तो तळापासून दूरचा बराच द्रव ओढतो, तर आडवा होऊन परतताना तळालगतचा, भिंतीने धरून ठेवलेला द्रव फारसा हलवत नाही. हा तोडगा रबरालाही चालतो आणि मण्यांनाही.

मणी एकमेकांना कायमचे जोडले, तर मात्र साखळी क्षेत्राविनाही टिकते. डीएनएने मणी जोडून असा लवचिक तंतू 2005 मध्ये करून दाखवण्यात आला, मात्र तो द्रव ढकलण्यासाठी नव्हे, पोहण्यासाठी होता.