तारांमुळे दात किडतात का?

‘दातांना ब्रेसेस लावले की दात किडतात आणि कायमचे पांढरे डाग पडतात’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आला आहे. डाग पडू शकतात हे खरे आहे, परंतु त्यांचे कारण तार नव्हे. ब्रॅकेट (तार धरून ठेवण्यासाठी दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) आणि हिरडी यांच्यामधल्या अरुंद पट्टीत जिवाणूंचा चिकट थर साचतो, हे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. खडूसारखा पांढरा डाग ही किडीची पहिली पायरी होय. म्हणूनच ब्रॅकेट काढल्यावर त्याच्याखालचा भाग बहुधा स्वच्छ आणि डाग भोवतीने दिसतात. दोष धातूचा असता, तर डाग नेमका उलट जागी पडला असता.

याची खात्री घरीही करता येते. ब्रश केल्यावर, दातांवरचा थर रंगवणारी गोळी चघळून चूळ भरावी आणि आरशात पाहावे. रंग उरतो तिथे ब्रश पोहोचलेला नसतो, आणि ती जागा बहुतेक वेळा ब्रॅकेटच्या हिरडीकडील कडेलाच असते. तिथे ब्रश तिरका धरावा, तारेखालून दातांमधल्या फटींसाठीचा बारीक (इंटरडेंटल) ब्रश फिरवावा आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी. चिक्की मात्र उपचार संपेपर्यंत टाळलेलीच बरी. ती दातांना चिकटते आणि ब्रॅकेटही निखळवते.