ओलीस धरलं की पोलीस लगेच दार तोडतात? नाही हो

कुणी ओलीस धरलं की पोलीस येणार, भोंग्यावरून धमकावणार आणि दोन मिनिटांत दार तोडून आत, असंच सगळ्यांना वाटतं. खरं उलट आहे. पहिल्या गाडीतून उतरलेल्यांचं काम म्हणजे आडोसा घ्यायचा, आजूबाजूची माणसं हलवायची, वाटा बंद करायच्या आणि मदत येईपर्यंत प्रकरण चिघळू द्यायचं नाही, बास.

१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सुटकेचा प्रयत्न फसला, ११ इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक गेले, त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांनी बोलणी करणारी वेगळी टीम उभी केली. बोलणाऱ्याला निर्णयाचा अधिकार मुद्दाम देत नाहीत, म्हणजे मागणी आली की तो शांतपणे म्हणू शकतो, "साहेबांना विचारून सांगतो", आणि तेवढाच वेळ मिळतो. वेळ गेला की डोकं थंड होतं, भूक लागते, झोप येते, मग साध्या जेवणाच्या बदल्यातही एखादा ओलीस सुटू शकतो. टीव्हीवर हे कंटाळवाणं दिसेल, दिसू दे.

हां, आत गोळीबार चालूच असेल तर मात्र थांबत नाहीत. अमेरिकेत १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर तिथल्या पोलिसांचं ट्रेनिंगच बदललं, पहिला पोचलेला थेट आत जातो.