खाणीचा पैसा म्हणजे सगळी कमाई नव्हे

रेडीच्या लोहखनिजाबद्दल सिंधुदुर्गात एक समज पक्का बसलाय: माल विकला, रॉयल्टी जमा झाली, म्हणजे तेवढी संपत्ती वाढली. हे साफ चूक आहे. हापूस विकला तरी कलम शिल्लक राहतं. खनिज विकणं म्हणजे कलमच तोडून लाकूड विकणं. जीडीपी साठ्यातली ही घट वजाच करत नाही. संयुक्त राष्ट्रांची २०२५ची राष्ट्रीय लेखा पद्धती, म्हणजे देशाचं उत्पन्न मोजायचे नियम, ही घट उत्पादनखर्च धरते, पण वजावट दिसते निव्वळ उत्पादनात, जीडीपीत नाही.

मोजायचं कसं? समजा, टनाला भाव ३,००० रुपये. खोदाई, डंपर, मजुरी, यंत्रांची झीज आणि भांडवलावरचा रास्त परतावा मिळून २,२००. उरले ८००, म्हणजे खुद्द खनिजाचं मोल. रॉयल्टी इथे वजा करू नका. तो खर्च नाही, याच ८००मधला सरकारचा वाटा आहे. हिशेब बहुतेकदा इथेच फसतो.

मग साठ्याला वार्षिक खोदाईने भागून खाणीची उरलेली वर्षं काढा. अर्थतज्ज्ञ अल सेराफी यांच्या १९८९च्या सूत्रानुसार ८००ला (१ + व्याजदर)च्या (वर्षं + १) घाताने भागायचं; येईल ती घट, उरेल ते खरं उत्पन्न. दर ५ टक्के, वर्षं २० असतील तर घट सुमारे २८७ रुपये, खरं उत्पन्न ५१३. पाचच वर्षं उरली असतील, तर घट ५९७!

आणि टन कोरडा की ओला, ते आधी बघा. ८ टक्के ओलावा असलेल्या १,००० टनांत कोरडं खनिज ९२० टनच असतं. साठा कोरडा आणि खोदाई ओली धरली, तर खाणीचं आयुष्य उगाच कमी दिसतं.